पार्टी मी द्यायची आणि हॉटेल त्यांनी ठरवायचं?

आधी पत्र. थोडं छोटं केलंय, बाकी शब्द तिचेच.

"ताई, सात महिने घरी बसल्यावर मला गेल्या आठवड्यात नोकरी मिळाली. आमच्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर सांगितलं तर पाच मिनिटांत नुसते पार्टी पार्टी पार्टी असे मेसेज. मी पण आनंदात होते, 'देते ना, का नाही' असं लिहून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मित्राने हॉटेल, तारीख, वेळ सगळं ठरवून टाकलं होतं आणि ते हॉटेल असं की तिथे एकटीने जाताना पण मी दोनदा विचार करेन. आम्ही अकरा जण आहोत. मी अजून जॉइन पण झाले नाहीये, सेव्हिंग संपलंय, एक दोघांची उसनवारी आहे. आता मागे फिरले तर कंजूस म्हणतील. त्यात आमच्यातल्या एका मैत्रिणीची नोकरी गेल्याच महिन्यात गेली, तिने फक्त एक अंगठा टाकला आणि गप्प बसलीये. मी स्वतः बेकार असताना दोन पार्ट्या डोकं दुखतंय सांगून टाळल्या होत्या त्यामुळे तिला काय वाटत असेल ते मला कळतंय. आणि ज्याने हॉटेल ठरवलं ना, त्याचं प्रमोशन होऊन वर्ष झालं, त्याची पार्टी अजून यायचीये! काय करू? – पार्टी-पेंडिंग"

अगं पहिल्यांदा अभिनंदन! सात महिने म्हणजे काही कमी नाही. रोज कोणीतरी 'काय, झालं का काही?' विचारतं आणि आपण रोज नवीन उत्तर शोधतो, ते सगळं संपलं. हे आधी नीट एन्जॉय कर, हॉटेलचं बघू आपण.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटतं तू स्वतःला उगाच जास्त अडकलेली समजतेयस. तू काय लिहिलंस? 'देते ना.' म्हणजे तू पार्टीला हो म्हणालीस. त्या हॉटेलला, त्या तारखेला, अकरा जणांच्या तीन तासांच्या जेवणाला तू कधी हो म्हणालीस? ते सगळं त्या मित्राने तुझ्या 'हो'ला मागून जोडलं. आपल्याकडे यासाठी म्हण तयारच आहे, आयजीच्या जिवावर बायजी उदार. आणि गंमत म्हणजे हे बायजी लोक वाईट नसतात गं, उत्साही असतात, दहा वेळा भेटायचं ठरून एकदाही न भेटलेल्या ग्रुपमधे कोणीतरी ठरवणारा लागतोच, फक्त त्या उत्साहात बिल कोणाच्या पुढ्यात येणार हा भाग त्यांच्या डोक्यातून निघून जातो.

तर पहिला मुद्दा. पैसे देणार तो ठरवणार. जागा, दिवस, वेळ, माणसं, सगळं. इतरांनी सुचवावं, जरूर सुचवावं, पण सुचवणं आणि टेबल बुक करून टाकणं यात फरक आहे. तुला कोणी विचारलं 'का गं तिथे का नको' तर कारणांची यादी द्यायची गरज नाही. पगार झाला नाही, उसनवारी आहे, हे सगळं ग्रुपवर उलगडत बसलीस तर दोघं म्हणतील 'अगं आम्ही भरतो आत्ता, तू नंतर दे', आणि मग ती अजून एक उसनवारी. ऋण काढून सण करू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण मित्रांनीच आनंदाने ऋण पुढे केलं की ते ऋण वाटत नाही. आहे ते ऋणच.

आता करायचं काय. त्या मित्राला आधी वेगळा फोन कर, मेसेज नको, फोन. ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याचा बेत मोडलास तर त्याला अपमान वाटेल आणि मग तो हट्टाला पेटेल, मी पाहिलंय हे. फोनवर सरळ सांग की तू एवढं सगळं केलंस ते भारी आहे पण पार्टी मी माझ्या पद्धतीने देणार आहे, तेवढं बुकिंग रद्द कर. बस. त्याला कंजूस म्हणायचंच असेल तर फोनवर म्हणू दे, एका माणसाने म्हटलेलं पचतं. मग त्याच दिवशी ग्रुपवर काहीतरी असं टाक:

'लोकहो, पार्टी नक्की आहे आणि माझ्याकडूनच आहे. पण आधी जॉइन होऊ दे, पहिला पूर्ण पगार हातात येऊ दे, मग मी दिवस आणि जागा कळवते. तोपर्यंत सगळ्यांनी भूक राखून ठेवा.'

यात बघ, 'नाही' कुठेच नाहीये. नुसतं कधी, कुठे, कोणाकडून, एवढंच आहे, आणि तिन्हीची उत्तरं तुझ्या हातात आहेत. याला कोणी कंजूसपणा म्हणत नाही. कंजूस कोणाला म्हणतात माहितीये का, जो हो हो म्हणत राहतो आणि तारीखच देत नाही. (त्याच्याकडे येऊ आपण, थांब.)

पगाराचं मुद्दाम लिहिलंय, पहिला 'पूर्ण' पगार. महिन्याच्या मध्यात जॉइन झालीस तर पहिल्यांदा अर्धाच येणार, आणि पगाराची यादी बंद झाल्यावर जॉइन झालीस तर तो अर्धा पण पुढच्या महिन्यात एकत्र येतो. बरेच जण ऑफर लेटर आलं की त्याच आठवड्यात पार्टी देतात आणि पुढचे दीड महिने चणचणीत काढतात. शिवाय ऑफर म्हणजे नोकरी नव्हे, जॉइनिंग पुढे ढकललं जातं, क्वचित रद्द पण होतं. तुझ्या बाबतीत असं होणार नाही गं, पण पार्टी खाऊन झालेल्या दहा लोकांना तसलं काही सांगायला लागणं यासारखी वाईट वेळ नाही. प्रत्येक चांगल्या बातमीला हेच लागू होतं खरं तर. घर घेतलंय तर ताबा मिळाल्यावर, परीक्षा असेल तर फायनल निकाल लागल्यावर. आणि कोणाकडे बाळ येणार असेल तर ती बातमी कधी सांगायची आणि सेलिब्रेट करायचं की नाही हे त्या दोघांनीच ठरवायचं, तिथे तर 'पार्टी कधी' असं विचारायचंच नाही.

बजेटचं. सगळे उलट्या बाजूने सुरू करतात. आधी हॉटेल ठरतं, मग माणसं मोजतात आणि शेवटी किती झाले ते बघून घाम फुटतो. तू आकड्यापासून सुरू कर. अशी रक्कम धर की जी गेली तर महिनाअखेरीला तिची आठवण येणार नाही. ती कितीही छोटी असू दे. उसनवारी आधी फेडायची, ती फेडून जे उरतं त्यातून ही रक्कम. (ज्यांनी तुला अडचणीत पैसे दिले ते त्या अकरात असतील तर त्यांना आधी त्यांचे पैसे दे आणि मग जेवायला बोलव, उलटं केलंस तर प्रत्येक घासाला त्यांच्या मनात हिशोब चालणार, आणि त्यांचं काय चुकलं त्यात.) मग त्या रकमेत किती माणसं आणि कसली जागा बसते ते बघ. आणि मेन्यूतले आकडे गुणिले माणसं असं बिल कधीच येत नाही हे लक्षात ठेव, टॅक्स असतो, कुठे सर्व्हिस चार्ज असतो, आणि 'अजून एक मागवूया का' असतंच असतं. मी स्वतः चौथा हिस्सा वर धरते आणि तरी दोनदा चुकलेय.

रक्कम छोटी निघाली तर? मग पार्टी छोटी. जेवणच पाहिजे असं कुठे लिहिलंय. संध्याकाळी तासभर भेटा, हलकं काहीतरी खा आणि घरी जा. किंवा घरी बोलव, घरी बोलावलं तर माणसं जास्त वेळ बसतात, बिल कोणी आणून ठेवत नाही आणि उठा आता म्हणून टेबलाभोवती घुटमळणारं पण कोणी नसतं. किंवा अकराऐवजी चौघं. फक्त चौघांनाच बोलवायचं असेल तर ग्रुपवर त्यातलं काही बोलू नको आणि फोटो पण टाकू नको, उरलेले न बोलावल्याबद्दल रागावत नाहीत, फोटो बघून रागावतात. पण तू ग्रुपवर 'देते' म्हणालीयेस त्यामुळे तुझ्या केसमधे सगळ्यांना बोलवावंच लागेल, त्यातून सुटका नाही, मग छोटी पण सगळ्यांची कर.

आता मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. पैशांचं काय ते बोलावताना ठरतं, बिल आल्यावर नाही. बिल आल्यावर ठरवायला गेलं की तिथे फक्त लाज असते.

माझाच किस्सा सांगते. खूप वर्षांपूर्वी मला बढती मिळाली होती आणि मी सातआठ जणांना मेसेज केला, 'चला शुक्रवारी भेटूया, सेलिब्रेट करूया!' एवढाच. माझ्या डोक्यात होतं की सगळे भेटू, आपापलं काढू, मजा करू. त्यांच्या डोक्यात होतं की हिची बढती, हिचं निमंत्रण, म्हणजे हिची पार्टी. दोघंही बरोबर होतो की! बिल आलं, वेटरने टेबलाच्या मध्यभागी ठेवलं, आणि अख्खं टेबल एकदम शांत. एक जण मोबाईल बघायला लागला, एक जण हात धुवायला गेला, एकीला अचानक समोरच्या भिंतीवरचं चित्र फार आवडलं. मी पण भिंतीकडेच बघत होते. मग एकाने विचारलं 'किती किती काढायचे?' आणि दुसरा म्हणाला 'म्हणजे? हिची पार्टी आहे ना?' मी हसत हसत सगळं भरलं आणि घरी येऊन दोन महिन्यांचा हिशोब लावत बसले. आणि वाईट काय झालं माहितीये, ज्याने 'किती किती काढायचे' विचारलं होतं त्यालाच सगळ्यांनी चिडवलं, बिचारा एकटाच बरोबर बोलत होता.

म्हणून बोलावताना वाक्य स्पष्ट पाहिजे. 'माझ्याकडून आहे' म्हटलं म्हणजे तू देणार, संपलं. 'भेटूया, आपापलं काढूया' म्हटलं म्हणजे टीटीएमएम, तुझं तू माझं मी, त्यातही काही वाईट नाही. आणि मधला मार्ग पण असतो, 'जेवण माझं, ड्रिंक्स आपापली', हे अगदी चालतं, नोकरदार लोक सर्रास करतात, फक्त ते आधी सांगायचं आणि ऑर्डर देतानाच वेटरला दोन बिलं करायला सांगायची. शेवटी एका बिलातून ड्रिंक्स वेगळी काढायला गेलीस तर रात्रीचे बारा वाजतील आणि त्यातला जो पीत नाही तोच बसून हिशोब करत असेल, नेहमी तोच असतो.

जे चालत नाही ते एकच, 'माझी पार्टी' म्हणून बोलावून शेवटी वाटून घेणं. जो माणूस तुझ्या भरवशावर रिकाम्या खिशाने आलाय त्याची काय अवस्था होईल बघ.

वाटून घेण्यावरून आठवलं. उरी ग्नीझी नावाचे अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सहा सहा अनोळखी लोकांना हॉटेलात जेवायला बसवलं, काही टेबलांना सांगितलं की आपापलं बिल भरा, काहींना सांगितलं की सहा जणांत सारखं वाटलं जाईल, आणि काहींना सांगितलं की आज सगळं फुकट. आपापलं भरणाऱ्यांनी सगळ्यात कमी मागवलं, वाटून घेणाऱ्यांनी जास्त, आणि फुकटवाल्यांनी सगळ्यात जास्त. यात धक्का बसण्यासारखं काही नाही म्हणा, पण मला हे फार दिलासा देणारं वाटतं, कारण आपले मित्र आपल्या पार्टीत भरभरून मागवतात तेव्हा ते हावरट नसतात, माणूस फुकट म्हटलं की असाच वागतो. मग त्याच्या सद्बुद्धीवर कशाला अवलंबून राहायचं? मेन्यू आधीच ठरवून टाक. आधी जाऊन किंवा फोन करून सांग की हे हे पदार्थ, एवढ्या लोकांसाठी, टेबलावर आणून ठेवा. अकरा जणांसाठी बऱ्याच जागा असं आनंदाने करतात, त्यांचं पण काम सोपं होतं. मग कोणाच्या हातात मेन्यू कार्ड जातच नाही आणि तुला कोणाच्या ऑर्डरकडे चोरून बघायला लागत नाही. यजमानाचं लक्ष सतत मेन्यूच्या उजव्या बाजूला असलं की ते सगळ्या टेबलाला कळतं, कितीही लपवलं तरी.

आणि बिल टेबलावर येऊच देऊ नको. मधेच उठून काउंटरवर जाऊन भरून ये. परत येऊन 'झालं' असं जाहीर पण करायचं नाही. कोणी विचारलं किती झाले तर 'सोड ना'. कोणी म्हणेल 'अगं मी देते ना थोडे', तर एकदा हसून नको म्हण. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर 'पुढच्या वेळी तू'. तिसऱ्यांदा आग्रह करणारा माणूस आग्रह करत नसतो, त्याला बघायचं असतं लोक बघतायत का.

जाता जाता तुझ्या त्या दहा जणांना पण दोन शब्द, कारण हे सदर ग्रुपवर फॉरवर्ड होतं हे मला माहितीये. पार्टीला बोलावलं की वेळेवर जा. न विचारता सोबत कोणाला घेऊन जाऊ नका, 'हा माझा कझिन, असाच आला होता' हे यजमानाला दारात सांगायची गोष्ट नाही. मेन्यू कार्ड हातात आलंच तर यजमान काय मागवतो ते बघा आणि त्याच्या आसपास राहा, सगळ्यात महाग आणि सगळ्यात मोठं या दोन्हीच्या वाटेला जाऊ नका. जागा छोटी निघाली तर 'इथे का?' असा चेहरा करू नका. उरलेलं बांधून घ्यायचं असेल तर यजमानाला आधी विचारा. आणि दुसऱ्या दिवशी एक मेसेज टाका, मजा आली एवढाच, दोन शब्दांचा. आश्चर्य वाटेल पण दहापैकी दोघंच टाकतात तो.

आता त्या मैत्रिणीचं. यात मी जरा रेंगाळणार आहे कारण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जवळची गोष्ट हीच वाटली.

तू डोकं दुखतंय सांगून दोन पार्ट्या टाळल्यास. का टाळल्यास ते तुलाच माहिती, पण मी अंदाज करते. पैसे काढायला लागतील ही भीती असेल, पण जास्त करून 'मग तुझं काय चाललंय?' या प्रश्नाची. आणि आपण कोणाच्या आनंदात मिठाचा खडा होऊ ही पण. तिचं आत्ता तेच चाललंय. त्या अंगठ्यामागे आनंद नाही असं समजू नको, अंगठा टाकायला पण तिला तीन वेळा फोन उचलून ठेवायला लागला असेल.

तिला ग्रुपच्या आधी एकटीला फोन कर. गोल गोल बोलू नको, 'तुझंपण होईल गं लवकर' हे तर अजिबात नको, सात महिने हे ऐकून तुझे कान किटले असतील, आठव. सरळ सांग, 'मी सगळ्यांना बोलावतेय, तू यावंस असं मला फार वाटतं, आणि नाही आलीस तरी मला अजिबात वाईट वाटणार नाही, आपण दोघी वेगळ्या भेटू.' वाक्याचे दोन्ही भाग पाहिजेत. पहिला नसेल तर तिला वाटेल वगळलं, दुसरा नसेल तर ती भिडेखातर येईल आणि कोपऱ्यात बसून घड्याळ बघेल. आणि तिला हे पण माहिती असू दे की माझ्याकडून आहे, काढायचं काही नाहीये. हे तिला एकटीला वेगळं सांगितलंस तर ते दान वाटेल, सगळ्यांच्या निमंत्रणातच असेल तर काही वाटणार नाही. बघ, परत तेच, निमंत्रण स्पष्ट असलं की ज्याचा खिसा रिकामा आहे त्याचं सगळ्यात जास्त भलं होतं.

ती आली तर तिला तुझ्या शेजारी बसव आणि त्या संध्याकाळी तिच्या नोकरीचा विषय कोणी काढला तर तू वळव. तिच्यासाठी पार्टी रद्द करू नको मात्र. तिला जर कळलं की माझ्यामुळे हिने सेलिब्रेट पण केलं नाही, तर नोकरी गेल्याच्या वर ते अजून एक ओझं.

राहिला तो मित्र आणि त्याची वर्षभर थकलेली पार्टी. हे पेंडिंग प्रकरण मला फार विनोदी वाटतं, ग्रुपमधे कोणाची कितवी पार्टी बाकी आहे याची वही ठेवणारे लोक असतात, बँकेपेक्षा चोख. अगं पार्टी ही उधारी नाही. त्याने तुझ्याकडून काही घेतलेलं नाही. त्याला प्रमोशन मिळालं, पगार किती वाढला, घरी काय खर्च निघाले, आपल्याला काय माहिती. तुला जे आत्ता ग्रुपवर सांगता येत नाहीये ते त्याला पण वर्षभर सांगता येत नसेल. किंवा तो खरंच चिकट असेल! दोन्ही शक्य आहे. पण तुझ्या पार्टीत 'तुझी कधी रे?' असं सगळ्यांसमोर विचारून हिशोब बरोबर करू नको. आणि तो देत नाही म्हणून मी पण देणार नाही असं मनात असेल तर ते पण काढून टाक, तू त्याच्याशी बरोबरी करायला पार्टी देत नाहीयेस. फार तर चिडवायचंच असेल तर बुकिंग रद्द करायला फोन करशील तेव्हा म्हण, 'ते हॉटेल तुझ्या पार्टीसाठी ठेवूया.' हसेल तो. नाही हसला तर समजून जा आणि पुढे बोलू नको.

एक शेवटचं, जे तू विचारलं नाहीस. अकरा जणांच्या ग्रुपवर पाच मिनिटांत सगळे पार्टी म्हणाले. नोकरीबद्दल कोणी काही विचारलं का गं? शेली गेबल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, योगायोगाने २००४ मध्येच, आपण चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा काय करतो यावर काम केलं होतं. त्यात चार प्रकार येतात. एक जण खुलून प्रश्न विचारतो, कसं झालं, कधी कळलं, कसं वाटतंय. दुसरा नुसतं छान म्हणून थांबतो. तिसरा खोट काढतो, लांब पडेल नाही तुला. चौथा विषयच बदलतो. आणि जवळच्या नात्यात जोडीदार पहिल्यासारखा वागतो असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं नातं जास्त समाधानाचं असल्याचं दिसलं. 'पार्टी कधी' हा यातला कुठला प्रकार? मला वाटतं तो पहिल्याचे कपडे घातलेला चौथा आहे. आवाज मोठा, उद्गारचिन्हं भरपूर, पण विषय तुझ्यावरून जेवणावर कधी गेला कळलंच नाही. दोष नाही देत मी त्यांना, आपण सगळेच लिहितो ते, बोटं आपोआप टाईप करतात. पण म्हणून पार्टीत जमाल तेव्हा तूच सुरुवात कर, इंटरव्ह्यूला काय झालं ते सांग, सात महिन्यांतला एखादा फजितीचा किस्सा सांग, म्हणजे लोकांना कळेल आपण कशासाठी जमलोय.

आणि हो, मी पण एवढं सगळं लिहिलं आणि आत्ता लक्षात आलं, तू पत्रात कुठेच लिहिलं नाहीस की नोकरी कसली आहे, काय काम करणार आहेस तिथे? कळव ना. कधीपासून जॉइन होतेयस?